गावातल्या तरुण पोरापोरींच्या मनाची काळजी : पाच-सहा जणांनी मिळून उभं करायचं काम

मानसिक आरोग्यासाठी काहीतरी करायचं असं गावात ठरलं की सगळ्यात आधी व्याख्यान ठरतं. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. शाळेत किंवा समाजमंदिरात तालुक्याहून कुणीतरी येतं, तासभर बोलतं, शाल-श्रीफळ होतं. ते चांगलंच आहे. पण महिनाभर धड झोप न लागलेला जो मुलगा शेवटच्या रांगेत बसून सगळं ऐकत असतो, तो कार्यक्रम संपल्यावर तसाच घरी जातो. डॉक्टरकडे जायला हवं एवढं त्याला आता कळलेलं असतं. कुठल्या डॉक्टरकडे, कोणत्या वारी, पैसे किती लागतील, आईला काय सांगायचं, एसटीत ओळखीचं कुणी भेटलं तर काय बोलायचं, यातलं काहीच कळलेलं नसतं. माझ्या मते गावाचं खरं काम इथून सुरू होतं. त्याच्यासोबत कुणीतरी जायला हवं.

हा लेख दोन-तीन हजार वस्तीचं गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. शहरातल्या एखाद्या वस्तीत किंवा चाळीत हे काम करायचं असेल तर थोडेफार बदल करावे लागतील, पण क्रम हाच राहील.

कामाचा आवाका किती

मनाच्या आजारांपैकी निम्मे वयाच्या १४व्या वर्षापर्यंत आणि जवळपास तीन चतुर्थांश पंचविशीच्या आत सुरू होतात. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक त्रास असल्याचं दिसलं. शहरांत हे प्रमाण जास्त होतं, खेड्यांत थोडं कमी. तुमच्या गावात या वयाची २०० मुलं असतील तर ढोबळ हिशेबाने बारा-चौदा जणांचा प्रश्न आहे. त्यातली सगळीच गंभीर नसतात आणि सगळ्यांना गोळ्या लागतात असंही नाही.

दुसरा आकडा मन घट्ट करून वाचावा लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सगळ्यात वर होता. भरतीची तयारी करणारी, शाळा सुटलेली, लग्न होऊन सासरी गेलेली पोरं-पोरी या आकड्यात धरलेली नाहीत.

पायरी पहिली : माणसं निवडा

पाच-सहा जण पुरतात. त्याहून जास्त झाले की गुप्तता राहत नाही. गावची आशाताई हवीच, कारण ती घराघरांत जाते आणि तिच्या जाण्याकडे कुणी संशयाने बघत नाही. मुलं ज्यांच्याशी मोकळेपणी बोलतात असे एखादे शिक्षक किंवा बाई हव्यात. बचत गटातली एक समंजस बाई हवी. मैदानावर किंवा अभ्यासिकेत रोज असणारा विशी-पंचविशीतला एक मुलगा आणि तशीच एक मुलगी हवी, कारण पोरं पहिल्यांदा आपल्याच वयाच्या माणसाला सांगतात. आणि रात्री दोन वाजता फोन आला तर गाडी काढेल असा एकजण हवा. गावात कुणी स्वतः नैराश्यातून किंवा दारूतून बाहेर आलेलं असेल, आणि त्याची मनापासून इच्छा असेल, तर त्याच्याइतका मोलाचा माणूस दुसरा नाही. गटात निम्म्या बायका असाव्यात. मुली पुरुषांच्या गटाकडे येणार नाहीत.

ज्याला पोटात गोष्ट ठेवता येत नाही अशा माणसाला घेऊ नका, मग तो कितीही मोठा असो. निवडणुकीत उभं राहणाऱ्यांनी बाहेरून मदत केलेली बरी. गावात दोन गट असतात आणि दुसऱ्या गटातल्या घरचं पोर तुमच्याकडे येणंच बंद होतं.

आपण शिकलेलो नाही, आपल्याला हे कसं जमेल, अशी शंका येते. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या लोकांना शिकवून नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठका घ्यायला लावल्या. त्याचा फायदा होतो हे रीतसर चाचणीत सिद्ध झालं. झिम्बाब्वेत हरारे शहरात २००६पासून आज्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लोकांचं ऐकतात. आपल्याच नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यातल्या गावांमध्ये 'आत्मीयता' नावाने गावकऱ्यांनी गावकऱ्यांना आधार देण्याचा प्रयोग झाला. पुढे तो गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. प्रशिक्षण मात्र हवं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागाला लेखी विनंती करा. माहिती-प्रशिक्षण देणं हा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या कामाचाच भाग आहे.

पहिल्याच बैठकीत गुप्ततेचा नियम ठरवा, आणि तिची हद्दसुद्धा. जिवाला धोका असेल तर गप्प बसायचं नाही. १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देता येत नाही. म्हणून बोलणं सुरू होतानाच सांगावं : "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका आहे किंवा कुणी तुझ्यावर जबरदस्ती केलीये असं कळलं, तर मला मदत आणावी लागेल. आणि ती आणण्याआधी मी तुला सांगेन." मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन सगळ्यांच्या फोनमध्ये साठवून ठेवा.

पायरी दुसरी : मदत कुठे आहे ते आधी शोधा

मूल समोर येण्याआधी हे काम संपलेलं असावं. एका वहीत पुढची माहिती लिहून काढा.

सिव्हिलमध्ये मनोविकार ओपीडी कोणत्या वारी असते, केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ महिन्यातून कधी येतात. किशोरवयीनांसाठीचं 'मैत्री क्लिनिक' कुठे चालतं, तिथे समुपदेशक बाई आहेत की पुरुष. जवळचं वैद्यकीय महाविद्यालय किती लांब आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथेही बाह्यरुग्ण विभाग चालतो. खाजगी डॉक्टरांची पहिल्या भेटीची फी किती. आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता.

ही माहिती ऐकीव नको. गटातल्या दोघांनी एकदा प्रत्यक्ष जाऊन यावं, खिडकी कुठली, खोली कुठली ते बघावं, तिथल्या समाजसेवकाची ओळख करून घ्यावी. पुढे एखाद्या घाबरलेल्या मुलीला घेऊन जाल तेव्हा त्या इमारतीत भटकावं लागणार नाही.

टेली मानस ही मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणारी केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. गटातल्या प्रत्येकाने आधी स्वतः एकदा फोन करून बघावा, भाषा कशी निवडायची, माणूस लाइनवर यायला किती वेळ लागतो. "या नंबरवर फोन कर" एवढंच सांगण्यापेक्षा "चल, आपण दोघं मिळून लावू, मीसुद्धा लावून पाहिलाय" असं सांगितलं तर फोन खरोखर लागतो.

मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर असतात, गोळ्या तेच लिहून देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. कुणाकडे जायचं हे ठरेना तर सिव्हिलला जा, तिथे दोन्ही प्रकारची माणसं असतात.

पायरी तिसरी : लक्षात येणं

पोरं 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, डोकं जड झालंय, कशातच मन लागत नाही, झोप उडालीये, जीव घाबराघुबरा होतो. मुलगे तर तेही म्हणत नाहीत. ते चिडतात, घरात ताट ढकलतात, भरतीच्या सरावाला पहाटे उठणारा एकदम उठायचा बंद होतो, क्रिकेटच्या ग्रुपमधून निघून जातो, दारू वाढते. मुलींच्या बाबतीत सारखी डोकेदुखी, पाठदुखी, अशक्तपणा, चक्कर येऊन पडणं, कधी अंगात येणं अशा वाटेने ते बाहेर येतं, आणि सलाइन लावून घरी पाठवलं जातं. तपासण्या सगळ्या नीट येतात पण दुखणं जात नाही, तेव्हा मनाचा विचार जरूर करा.

त्या मुलाच्या मूळ स्वभावात काय बदललं ते बघा. मुळात अबोल असलेला मुलगा अबोल आहे यात विशेष काही नाही. बडबड्या मुलगा गप्प झाला तर आहे. झोप, भूक, मित्र, अंघोळ-कपडे, अभ्यास किंवा काम यांपैकी दोन-तीन गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेल्या राहिल्या तर बोलायची वेळ झाली.

एकटंच बोलणं, कानात आवाज येणं, घरचेच जेवणात काहीतरी कालवतात असा पक्का संशय, दिवसचे दिवस अंघोळ नाही, रात्रभर जाग : हे दिसलं तर दोन आठवडेही थांबू नका. या आजारांत उपचार जितक्या लवकर, तितकं मूल पुन्हा नीट उभं राहण्याची शक्यता जास्त. आणि नेमके इथेच देवऋषाकडे जाण्यात महिने जातात. घरच्यांशी श्रद्धेवरून भांडू नका. भांडलात की दार बंद होतं. "देवाचं करताय ते करा, त्याच्या जोडीला गोळ्याही सुरू करू" एवढं म्हणा. पण मारहाण, चटके, उपाशी ठेवणं सुरू असेल तर ठाम राहायचं. महाराष्ट्रात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. आणि मानसिक आजारी माणसाला साखळीने बांधायला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने मनाई केली आहे.

गावाला स्वतःचं एक ताणाचं वेळापत्रक असतं, ते भिंतीवर लावून ठेवा. मे महिन्यात बारावी-दहावीचे निकाल, त्यामागोमाग नीटचा. पोलीस भरतीची मैदानी चाचणी आणि तिची यादी. एमपीएससीचे निकाल, ज्यांच्या मागे पाच-सहा वर्षं पुण्यात काढून परत आलेला मुलगा असतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले आईबाप आणि मागे आजीजवळ राहिलेली मुलं. शाळा सुटून लग्नाची बोलणी सुरू झालेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी. तिशी आली तरी लग्न जमत नाही म्हणून कार्यक्रमांना जायचं टाळणारे शेतकरी मुलगे. यांचं दुःख गावात चेष्टेवारी जातं आणि मला ते फार लागतं. या काळांत गटाने नजर जास्त जागी ठेवायची.

पायरी चौथी : बोलणं

जागा निवडा. पारावर किंवा टपरीवर नको. शेताकडे चालत जाताना, गाडीवरून जाताना, ओट्यावर शेंगा निवडताना बोलणं सोपं होतं, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. सुरुवात जे दिसलं त्यानेच करा : "काय रे, पंधरा दिवस झाले ग्राउंडवर दिसला नाहीस. बरा आहेस ना?" तो "काही नाही" म्हणेल. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. बहुतेक पोरं दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारल्यावर बोलतात.

मग ऐका. मध्ये उपदेश नको. 'आमच्या वेळी', 'आईबापाचे कष्ट बघ', 'एवढ्याशा गोष्टीचं काय' ही वाक्यं आली की मुलगा मिटतो, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाशीही बोलत नाही. त्याऐवजी "हे किती दिवसांपासून चाललंय?", "दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जड जाते?", "हे अजून कुणाला माहीत आहे?" असं विचारा. उत्तर तुमच्याकडे असायलाच हवं असं नाही.

आणि एक प्रश्न टाळू नका. शंका आली तर सरळ विचारा : "जगूच नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी न घाबरता विचारलं याचाच माणसाला आधार वाटतो. उत्तर 'हो' आलं तर आवाज चढवू नका, रडू नका, शपथा घालू नका. "सांगितलंस ते बरं केलंस, आता तू एकटा नाहीस" म्हणा. काही ठरवलं आहे का, कधी, हे विचारा. ठरवलं असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. घरातल्या एका विश्वासू माणसाला बोलवा, धोक्याच्या वस्तू त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, १४४१६ लावा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. त्याने काही करून घेतलं असेल तर १०८ची रुग्णवाहिका बोलवा. घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका.

अशा वेळी घरचे पोलिसांच्या भीतीने मोठ्या दवाखान्यात न्यायला कचरतात. त्यांना सांगा : २०१७च्या कायद्याच्या कलम ११५नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही. तिच्या उपचारांची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहे. रुग्णालयाने पोलिसांत नोंद कळवली आणि जबाब घ्यायला कुणी आलं, तर घाबरून पळ काढायचं कारण नाही.

पायरी पाचवी : फवारणीची औषधं कुलुपात

शेतीच्या गावात हे एक काम इतर सगळ्या कामांपेक्षा लवकर जीव वाचवतं. आत्महत्येची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे जगतात. श्रीलंकेने अति विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथला आत्महत्यांचा दर निम्म्याहूनही खाली आला.

गावाने एवढं करावं : फवारणीची औषधं राहत्या घरात ठेवायची नाहीत. लागेल तेवढीच आणायची. शेतातल्या खोलीत किंवा गोठ्यात कुलूपबंद लोखंडी पेटी, आणि किल्ली घरातल्या एकाच मोठ्या माणसाकडे. हंगाम संपला की उरलेला साठा घरात लोळू द्यायचा नाही. फवारणी सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि कृषी सहायकांना बोलवा. तो 'मुलांना विषबाधा होऊ नये म्हणून' एवढ्याच कारणाने मांडलात तरी चालेल. लोक ऐकतात.

पायरी सहावी : सोबत जाणं

जाण्याचा दिवस आधी ठरवा आणि मुलाला विचारून ठरवा. सोबत कोण येणार हेही त्यालाच निवडू द्या. १८ वर्षांखालच्या मुलासोबत आईवडील किंवा पालक लागतात. वडील तयार नसतील तर आई, मामा, मोठी बहीण, कुणाशी बोलून वाट निघते ते बघा. पहिल्या बसने निघा. आधार कार्ड, आधीचे सगळे कागद, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, डबा आणि पाणी घ्या. आदल्या रात्री एका कागदावर त्रास कधीपासून, झोप किती, भूक कशी, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, दारू-तंबाखू किती, हे लिहून काढा. आत गेल्यावर काहीच आठवत नाही.

रांगेत दोन-तीन तास जातात. त्या वेळात मुलाचं मन पालटतं, "राहू दे, जाऊ घरी" म्हणतो. सोबतीची खरी गरज तेव्हा असते. आत गेल्यावर घरच्यांनी मुलाच्या वतीने बोलू नये. डॉक्टरांना विनंती करा की थोडा वेळ त्याच्याशी एकट्याशी बोला. निघताना तीन गोष्टी विचारून घ्या : गोळ्यांचा परिणाम दिसायला किती दिवस लागतील, सुरुवातीला काय त्रास होऊ शकतो, पुन्हा कधी यायचं.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, पेंग यांसारखे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. म्हणून दहाव्या दिवशी घरचे म्हणतात, गुण तर नाही, उलट पोरगं दिवसभर झोपतंय, बंद करा. आशाताईने नेमकं चौथ्या, दहाव्या आणि विसाव्या दिवशी घरी चक्कर मारावी. 'या गोळ्यांची सवय लागते' अशी भीती असते. नैराश्याच्या गोळ्यांची दारूसारखी नशा किंवा तलफ लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या मनाने विकत घ्यायच्या नाहीत. आणि कुठलीच गोळी मनाने एकदम बंद करायची नाही. पहिले काही आठवडे अस्वस्थता वाढली किंवा मरणाचे विचार वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

माझ्या पाहण्यात उपचार तुटतात ते दुसऱ्या भेटीला. पहिल्यांदा सगळे हलतात, दुसऱ्यांदा सोयाबीन काढणी असते. त्यामुळे पहिल्या भेटीहून घरी येतानाच दुसऱ्या भेटीला कोण जाणार त्याचं नाव ठरवा. लोकांनी विचारलं तर "तालुक्याला काम होतं" एवढं पुरे. कुणालाही खुलासा देणं लागत नाही.

पायरी सातवी : पोरांना जागा द्या

उपचारांइतकीच ही गरज आहे. मुलींसाठी मैदानाची रोजची एक ठरलेली वेळ, जेव्हा तिथे मुलगे नसतील. अभ्यासिका असेल तर तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ पुस्तकं मिटून फक्त गप्पा. भरती हुकलेल्या मुलांसाठी आयटीआय, चालक परवाना, शेळीपालन, काय काय वाटा आहेत ते सांगणारा कुणी जाणता माणूस. निकालाच्या दिवशी नापास झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी गटातलं कुणीतरी संध्याकाळपर्यंत पोचलंच पाहिजे. त्याच्या हातात जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेची तारीख आणि अर्ज ठेवायचा, आणि वडिलांना बाजूला घेऊन आज रात्री काही बोलू नका असं सांगायचं. पेढे वाटणाऱ्यांनाही हळूच सुचवावं की शेजारच्या दाराचं भान ठेवा.

तालुक्यातल्या शाळा-कॉलेज आणि क्लासेसना एक पत्र द्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये दिलेल्या निकालात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा असं सांगितलं आहे. तुमच्या गावची मुलं ज्या कॉलेजात जातात तिथे तो आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

एखादं मूल गेलंच तर

त्या घराकडे सगळं गाव धावतं. गटाने त्याच वेळी त्याच्या जवळच्या मित्रांकडे, भावंडांकडे आणि ज्यांनी ते आधी पाहिलं त्यांच्याकडे जावं. पुढचा धोका तिथे असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, चिठ्ठी, कसं केलं याचं वर्णन फिरू देऊ नका. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला लगेच फोन करून थांबवा. कारण एकच असं शोधू नका. प्रेमप्रकरण, मार्क, मोबाइल असं एका शब्दात मिटवलं की तशाच अडचणीतल्या दुसऱ्या मुलाला ती एक वाट वाटू लागते. चौकात मोठा फलक लावू नका. त्याच्या आठवणी सांगा, मरणाची चर्चा कमी करा. वर्षश्राद्धाच्या आसपास मित्रांना पुन्हा भेटा.

गटाने स्वतःला कसं टिकवायचं

महिन्यातून एकदा, तासभर, कुणाच्या तरी घरी बसा. वहीत नावं लिहू नका, खुणेचे आकडे पुरतात : किती जणांशी बोलणं झालं, किती जण दवाखान्यात पोचले, किती जण दुसऱ्या भेटीला गेले, किती जणांचे उपचार मध्येच सुटले. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि बैठकीतला निम्मा वेळ त्याच्यावर जाऊ द्या. एका माणसाकडे एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त मुलं नकोत. ज्याने रात्र जागवली असेल त्याला पुढचा आठवडा मोकळा ठेवा. ऐकून ऐकून आपलीच झोप उडाली तर गटातल्या माणसानेही १४४१६ला फोन करायचा. वर्षभराने कुणाला थांबायचं असेल तर थांबू द्या, पण त्याच्याकडची मुलं नव्या माणसाच्या हाती सोपवताना दोघांनी मिळून एकदा त्या घरी जावं.